खरेदी विभागात रुजू होण्याआधी

राजेंद्रनगर, इंदूर

चि. मुग्धास,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला, बाबांनाही वाचून दाखवला. फोनवर हा विषय निघाला की तू "हो आई, कळलं" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसले. नोकरी चांगली, पगार चांगला, पण कंपनी स्वस्त मालाच्या मोठमोठ्या दुकानांची. आणि तुझ्या मैत्रिणीने विचारलं की गल्लीतल्या दुकानदारांच्या पोटावर पाय देऊन आलेला पगार तुला गोड लागेल का. त्यात आपले काका. त्यांचं सुदामानगरचं दुकान पूर्वी कसं गजबजलेलं असायचं ते तू पाहिलंयस, म्हणून त्यांच्यासमोर जायची तुला लाज वाटते आहे.

काकांचंच आधी सांगते, कारण मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं रुजू हो, आणि साबणाची स्कीम लागली की पहिला फोन मला कर." यात थट्टा अर्धीच आहे. साबण बनवणाऱ्या कंपनीचा डिस्ट्रिब्यूटर काकांना ज्या भावाने माल घालतो, त्याहून कमी भावात तोच माल ऑफरच्या दिवसांत मार्टच्या शेल्फवर असतो. मग काका स्वतःच पिशव्या घेऊन तिथे जातात. एका बिलावर ठराविकच नग मिळतात, तर काका एका रांगेत, काकू दुसऱ्या रांगेत आणि दुकानातला पोरगा तिसऱ्या. देशभरच्या वितरकांची जी संघटना आहे, तिने २०२२ च्या सुरुवातीला याच कारणावरून मोठ्या कंपन्यांचा माल उचलणार नाही अशी भूमिका घेतली होती. मोठ्या खरेदीदाराला एक भाव आणि आम्हाला दुसरा का, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा काकांचा राग असलाच तर तो मार्टपेक्षा माल बनवणाऱ्या कंपन्यांवर जास्त आहे.

आणि तो दुकानातला पोरगा. सकाळी आठला शटर उघडतो, रात्री दहाला ओढतो. ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा, लागू व्हायला दहा माणसं लागतात, पीएफला वीस. काकांकडे तो एकटा. मागे त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांनी पैसे दिले, आणि ते परत मागितले नाहीत. काका भला माणूस. पण उद्या दुकान दुसऱ्या कुणी चालवायला घेतलं तर या पोराच्या हातात कागदाचा एक कपटा नाही. तुझ्या मैत्रिणीला गल्लीतलं दुकान म्हणजे सगळं सात्त्विक वाटतं, तर तिला एकदा त्या पोराच्या रविवारबद्दल विचारायला सांग. त्याला रविवार नसतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सियागंजात पेढीवर खाती लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले, त्यामुळे माल स्वस्त कसा होतो ते मला वहीतून दिसतं. रोखीने उचलणाऱ्याला आमचे सेठजी एक भाव देतात, महिन्याच्या मुदतीवाल्याला दुसरा. यात कुणी कुणाला फसवत नाही. पैशाला भाडं असतं, ते भावात धरलेलं असतं. डीमार्टचं उदाहरण तुमच्या कॉलेजात शिकवलंच असेल. २००२ साली पवईत पहिलं दुकान निघालं. बहुतेक जागा भाड्याच्या न घेता स्वतःच्या, सजावटीवर उधळपट्टी नाही, पटापट विकला जाणारा मोजकाच माल, आणि पुरवठादाराचे पैसे आठ-दहा दिवसांत हातावर. तो पुरवठादार आपणहून भाव खाली आणतो, कारण त्याचं भांडवल अडकत नाही. ही स्वस्ताई मला पटते. तिच्यात अक्कल आहे.

पण त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालात नोकरांचा तक्ता उघड. कायम नोकरीवरच्या माणसांपेक्षा ठेक्यावरची माणसं कितीतरी जास्त आहेत, आणि या धंद्यात ही काही एकाच कंपनीची गोष्ट नाही. म्हणजे एकाच छताखाली दोन तऱ्हांची स्वस्ताई नांदते. एक डोकं चालवून आलेली. दुसरी कुणाच्या तरी खिशातून काढलेली. बिलावर दोन्ही सारख्याच दिसतात. तू खरेदी विभागात बसणार आहेस, म्हणजे कुठली किती वाढवायची याचा थोडा तरी भाग तुझ्या टेबलावरून जाणार.

बाबांच्या ओळखीचे एक नमकीनवाले आहेत, सांवेर रोडला छोटा कारखाना. लौंग सेव, मिक्श्चर, कचोरी. बारा-पंधरा माणसं कामाला. त्यांना एका मोठ्या साखळीची ऑर्डर लागली तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे दिले होते. वर्षाने त्यांचं खातं माझ्याकडे बघायला आलं. विक्री दुप्पट झालेली आणि माणूस कर्जात. कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. आधी शेल्फवर जागा मिळावी म्हणून लिस्टिंगचे पैसे. मग 'एकावर एक' ऑफरचा निम्मा भार यांच्या डोक्यावर. माल कमी पोचला तर दंड, उरला तर परत, आणि परत आलेलं पाकीट फुटलेलं असलं तरी डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, यांच्याच नावावर. पैसे नव्वद दिवसांनी. तेही चलानाच्या तारखेपासून धरलेले नाहीत, जीआरएन, म्हणजे गोदामाने माल मिळाल्याची पावती, निघाल्याच्या तारखेपासून. आणि गाडी गोदामाच्या गेटवर दोन-दोन दिवस उभी. तेलाचं आणि बेसनाचं बिल मात्र त्यांना पंधरवड्यात चुकतं करावं लागत होतं. मधला सगळा काळ त्या साखळीचा धंदा या सांवेर रोडच्या माणसाच्या पैशावर चालला होता, बिनव्याजी.

याला कायदा नाही असं समजू नकोस. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. जीआरएन कधी निघाला याला काही अर्थ नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून आयकराचं नवं कलम: सूक्ष्म आणि लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे घेणारा नुसता व्यापारी असेल तर मात्र हे कलम लागत नाही, बनवणारा किंवा सेवा देणारा असला तरच लागतं. आमच्या सेठजींनी २०२४ च्या मार्चमध्ये यावरून सीए साहेबांचं डोकं खाल्लं होतं. नमकीनवाल्यांनी व्याज मागितलं का? नाही. मागितलं असतं तर पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली नसती. कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि ते गप्प आहेत, आणि हे समोरच्या खुर्चीतल्या माणसाला नक्की माहीत असतं. त्या खुर्चीत आता तू.

उशिरा येणारा पैसा काय करतो ते आपल्या शहराला वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि चार हजार आठशेच्या आसपास कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी निघाले ते २०२३ च्या डिसेंबरात. चेक आला तेव्हा कितीतरी घरांत तो घ्यायला मूळ माणूसच उरला नव्हता.

कपड्यांचं खातं तुला मिळालं तर आणखी एक लक्षात ठेव. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, आणि वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांनी आपल्या कामगार बायकांना सकाळी कामावर बोलावलं. शिपमेंटची तारीख चुकली तर दंड होता. ती तारीख आणि तो भाव दूर कुठेतरी तुझ्यासारख्याच शिकलेल्या मुलामुलींनी ठरवलेला असतो, आणि त्यातल्या कुणालाच आपण काही वाईट केलं असं वाटत नसतं.

दुकानातल्या मुलींबद्दल तू विचारलंस. त्यांच्या पायांकडे बघ, बाकी सगळं कळेल. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी. केरळात कापडदुकानांतल्या बायका यावरून रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसायला जागा देण्याची सक्ती आली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही ती केली. एका स्टुलासाठी विधानसभेपर्यंत जावं लागलं. स्टुलाची किंमत तुम्हा एमबीएवाल्यांना मी सांगायला नको.

पगाराचं म्हणशील तर ठेक्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा किमान वेतन तेवढं मिळतं, त्यामुळे सरकार ते कधी वाढवतं यावर त्याचं घर चालतं. आपल्याकडे २०१४ नंतर त्याचे मूळ दर वाढले ते २०२४ च्या एप्रिलमध्ये. लगेच प्रकरण हायकोर्टाच्या इथल्याच खंडपीठापुढे गेलं, मेमध्ये स्थगिती आली, डिसेंबरात उठली. अमेरिकेतही काही वेगळं नाही. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली काही राज्यांत पाहिलं की सरकारी अन्नमदतीवर जगणारे नोकरदार काम कुठे करतात. यादीत वरच्या नावांत वॉलमार्ट होतं. दुकान स्वस्त विकतं, आणि तिथल्या नोकराचं जेवण करदाता पुरवतो.

एवढं सगळं लिहून मी स्वतः मार्टात जाते का? जाते. डाळ, तांदूळ, तेल, फिनेल तिथूनच आणते आणि आणत राहीन. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई आधी तेलाचं छोटं पाउच आणि पाव किलो साखर रोजच्या रोज घ्यायच्या, छापील भावाने. हातात थोडे पैसे साठले तसं त्यांनी महिन्याचं सामान एकदम मार्टातून भरायला सुरुवात केली, आणि वाचलेल्या पैशांत मुलीची ट्यूशन निघते. गरिबाला फुटकळ घेताना सगळ्यात महाग पडतं. "मार्टात जाऊ नका" असा उपदेश करणाऱ्या कुणालाही मी बिल नीट वाचताना बघितलेलं नाही.

मला खुपतं ते दुसरंच. आपल्या सोसायटीतली काही मंडळी महिन्याचा किराणा गाडी भरून मार्टातून आणतात, आणि कोथिंबीर, दही, एक ब्रेड यासाठी रात्री साडेनऊला काकांना फोन करून घरपोच मागतात. टाळेबंदीत तर हिशेब न विचारता उधारीवर काकांनीच सगळ्यांची घरं चालवली. त्यातली काही उधारी अजून वहीत आहे. दुकान बंद झालं तर हीच माणसं हळहळतील. म्हणून रोजचं सामान मी काकांकडून घेते, रोख पैसे देऊन, आणि त्यांच्या भावात घासाघीस करत नाही. नातं म्हणून म्हणशील तर तसं नाही. ते नातेवाईक नसते तरी हेच केलं असतं.

तर माझं मत विचारलंस म्हणून: रुजू हो. तू नाही गेलीस तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही, हे कारण मी देणार नाही, कारण त्या कारणाने माणूस काहीही करू शकतो. माझं कारण वेगळं आहे. घासाघीस तुला येते, आणि लेजर कसा वाचायचा तेही तुला येतं. तो मी शिकवला आहे. भाव खाली आणायला सांगतील तेव्हा आण. फक्त दर वेळी बघ की तो कुठून खाली आला. गाडी गेटवर कमी वेळ थांबली म्हणून, पॅकिंग साधं केलं म्हणून, पैसे आधी दिले म्हणून आला असेल तर बेलाशक श्रेय घे. पेमेंटचे दिवस वाढवून आला असेल तर निदान तुझ्या सहीने नको. अशा दोन-चार ठिकाणी तू नाही म्हणालीस तर तुझं इन्क्रिमेंट थोडं कमी होईल. होऊ दे. आणि रोजच असं नाही म्हणायची वेळ आली तर परत ये, बाबा आणि मी काही विचारणार नाही.

तुझं स्वतःचं नेमणूकपत्र नीट वाच: बेसिक किती, पीएफ कशावर कापणार, नोटीस पीरियड किती. दुकानात ट्रेनिंगला पाठवतील तेव्हा तिथल्या मुलींना नेमणूकपत्र मिळालं का तेही विचार. नव्या श्रमसंहिता २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झाल्या, त्यात अशा मोठ्या ठिकाणी ते सगळ्यांना द्यावंच लागतं. पहिल्या महिन्यात व्हेंडर पेमेंटचा एजिंग रिपोर्ट, म्हणजे कुणाचे पैसे किती दिवस थकलेत त्याचा तक्ता, बघायला मिळाला, आणि त्यातलं काही कळलं नाही, तर मला फोन कर. मार्च क्लोजिंग होईपर्यंत मी रात्री नऊनंतरच मोकळी असते.

तुझी,
आई