लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दोघांचे आभार

कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची खाज माझीच, त्यामुळे तक्रार कुणाबद्दलच नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, ३६ वरून थेट ४५ केला, सेव्ह केलं आणि संपलं. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. दहा वेळा बंद-चालू करून झालं. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट चादरीत गुंडाळून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारासाठी ग्रँट रोडला उतरलो. (लोकलमध्ये एकाने विचारलं, "देव्हारा आहे का?")

दोन दुकानांत 'बोर्ड गेला' ऐकून जिन्याखालच्या एका टपरीवजा गाळ्यापाशी थांबलो. तिथल्या काकांनी मदरबोर्डला हातही लावण्याआधी विचारलं, "काय छेडछाड केलीस?" खरं सांगितलं. त्यांनी वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट घालवला आणि नखाने ती रुपयाएवढी सीआर २०३२ बॅटरी उचकटली. सोबतच्या पोराने स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसायच्या) दोन पिनांना दहा सेकंद टेकवलं. सेटिंग त्या बॅटरीच्या जिवावर टिकतं, नुसतं बंद करून पुसलं जात नाही, हे तेव्हा कळलं. मग एकच रॅम लावून चालू केलं. बीप!

पैसे विचारले तर काका म्हणाले, "बॅटरी तुझीच, पिना तुझ्याच, कसले पैसे?" पोराने वर बजावलं, "एकेक पायरी चढव, आणि आधी प्रोसेसरचा कूलर बदल."

नाव विचारायचं राहिलंच. काका, दादा, मनापासून आभार. कूलर तुमच्याकडूनच घेणार.