अंदाज केला असेल, तर टूलने तसे सांगावे

महोदय,

कमांड लाइनवर एक आज्ञा दिली की अ‍ॅप सर्व्हरवर चढते, ही सोय आता अंगवळणी पडली आहे. पण ती आज्ञा आपला प्रोजेक्ट नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) की पायथनचा हे कशावरून ठरवते, याकडे बिल्ड (कोडपासून चालण्याजोगे अ‍ॅप तयार करणे) फसेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. बहुतेक वेळा ती फक्त मूळ फोल्डरमधल्या फाइलींची नावे बघते. पॅकेज.जेसन दिसली की नोड, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी दिसली की पायथन, जेमफाइल असली तर रूबी.

अ‍ॅप होस्ट करणाऱ्या हेरोकू या सेवेने २०११ मध्ये बिल्डपॅक, म्हणजे एकेका भाषेचे अ‍ॅप तयार करणाऱ्या स्क्रिप्टांचे संच, आणले, तेव्हापासूनची ही रीत. प्रत्येक बिल्डपॅकमध्ये ‘डिटेक्ट’ नावाची छोटी स्क्रिप्ट असते. तिचा एक्झिट कोड (काम संपताना मिळणारा आकडा) ० आला, म्हणजे ‘हा प्रोजेक्ट माझा’. बिल्डपॅकना ठरलेल्या क्रमाने विचारले जाते आणि पहिला होकार देणारा वापरला जातो; दुसऱ्यानेही होकार दिला, तर हेरोकू लॉगमध्ये फक्त एक इशारा छापून पुढे जाते. गोची इथेच होते.

जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये सीएसएसच्या (पानाच्या सजावटीच्या) टूलसाठी कुणी मूळ फोल्डरमध्ये पॅकेज.जेसन टाकते. हेरोकूच्या क्रमात नोड पायथनच्या आधी असल्याने निवड होते नोडची. नोडची पॅकेजेस बसवणारे एनपीएम इन्स्टॉल सुरळीत पार पडते, बिल्ड यशस्वी झाल्याचा संदेशही येतो. मग प्रोकफाइलमधली (अ‍ॅप कोणत्या आज्ञेने सुरू करायचे ते सांगणारी फाइल) ओळ चालवताना लॉगमध्ये उमटते ‘गुनिकॉर्न: कमांड नॉट फाउंड’, एक्झिट कोड १२७. माणूस रिक्वायरमेंट्समध्ये गुनिकॉर्न हा पायथनचा वेब सर्व्हर शोधू लागतो, आणि ते तिथे असतेच! मुळात पायथनच बसवलेले नाही, हे त्या ओळीवरून कळणार कसे?

यावर उपाय सोपा आहे: ‘हेरोकू बिल्डपॅक्स:सेट’ने पायथन ठरवावे आणि नोडही हवे असेल तर ‘बिल्डपॅक्स:अ‍ॅड’ला इंडेक्स १ देऊन ते पायथनच्या आधी लावावे, कारण प्रोसेसचे (अ‍ॅप कसे सुरू करायचे याचे) डीफॉल्ट शेवटच्या बिल्डपॅककडून येतात. मात्र ही निवड रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) नसते, त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये राहते. चाचणीसाठी दुसरे अ‍ॅप हाताने उभे केले की पुन्हा तोच अंदाज, पुन्हा तीच चूक.

काहीच न ओळखले जाण्याची कारणे त्या मानाने साधी असतात. कोड ‘बॅकएंड’ फोल्डरमध्ये आणि मूळ फोल्डर रिकामे. किंवा फाइलच्या नावातला ‘आर’ कॅपिटल, जो मॅकवर सहसा खपतो, लिनक्सवर नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमार्गे डिप्लॉय होत असेल तर आधी ‘गिट एलएस-ट्री --नेम-ओन्ली हेड’ चालवून पाहावे. मूळ फोल्डरमध्ये बिल्डपॅकला तेवढेच दिसते; कमिट न केलेली (गिटमध्ये न नोंदवलेली) फाइल त्या यादीत नसते.

गूगल क्लाउडच्या ‘जीक्लाउड रन डिप्लॉय’ला सोर्स फोल्डर दिले आणि त्यात डॉकरफाइल (अ‍ॅप कसे बांधायचे याच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) असली, तर तीच वापरली जाते, नसेल तरच बिल्डपॅक. म्हणजे केवळ विकासासाठी ठेवलेली, डीबग सर्व्हर चालू करणारी डॉकरफाइल थेट ग्राहकांसमोर जाऊ शकते. त्या मानाने फ्लाय या होस्टिंग सेवेच्या ‘फ्लाय लाँच’ची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. ते अंदाज करते, पण फ्लाय.टॉमल ही सेटिंगची फाइल आणि बहुधा डॉकरफाइलही लिहून आपल्या हाती देते. ती वाचता येते, दुरुस्त करता येते, कमिट करता येते.

टूल बनवणाऱ्यांकडे माझा आग्रह आहे की दोन प्रकार जुळले, तर परस्पर पहिला निवडून पुढे जाऊ नका. समोर माणूस असेल तर त्याला विचारा. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) उत्तर द्यायला कुणी नसते, तिथे शून्येतर एक्झिट कोड देऊन थांबा आणि दोन्ही फाइलींची नावे छापा. प्रोजेक्ट ओळखला गेला तरी ‘नोड निवडले, कारण मूळ फोल्डरमध्ये पॅकेज.जेसन सापडली, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीही आहे, ती विचारात घेतली नाही’ एवढी ओळ बिल्ड लॉगच्या सुरुवातीलाच यायला हवी.

आपला,
एक वाचक