त्या रानात चकवाही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवर (हेवी मेटल संगीताचा एक टोकाचा, काळोखा प्रकार) पानभर लेख आला, त्याबद्दल आधी आभार. आमच्या देवरूखात या विषयावर बोलायला माणूस सापडत नाही. (भजनी मंडळात एकदा प्रयत्न केला होता. पेटीवाल्याने चहा मागवला आणि विषय संपला.) पण लेखाचा सगळा भर जाळपोळ आणि खुनावर. वाचून वाटलं, गुन्हेवृत्ताच्या पानावर जायचा मजकूर चुकून संगीताच्या पानावर आला.

बेर्गनजवळचं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च ६ जून १९९२ला जाळलं गेलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये 'मेहेम' या ब्लॅक मेटल बँडच्या गिटारवादकाचा ओस्लोत खून झाला आणि १९९४मध्ये त्या खुनाबद्दल व्हार्ग विकर्नेस या दुसऱ्या ब्लॅक मेटल संगीतकाराला २१ वर्षांची शिक्षा झाली. सगळं खरं. बाराव्या शतकातली वास्तू जाळणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. पण त्याच ओस्लोतून १९९५मध्ये 'उल्व्हर' या बँडचा 'बेर्गटाट' हा पहिला अल्बम आला, आणि लेखात त्याला अर्धी ओळ मिळाली: 'वातावरणीय ब्लॅक मेटलचे एक उदाहरण'. वातावरणीय! मला कुलाबा वेधशाळाच आठवली. माहोल म्हणा की सरळ.

'बेर्गटाट' म्हणजे डोंगराने आत ओढून नेलेला माणूस. तिकडची जुनी समजूत अशी, की डोंगरांच्या पोटात वस्ती करणारे ट्रोल आणि इतर अदृश्य लोक वाट चुकलेल्यांना भुलवून आत नेतात. अल्बमची पाच प्रकरणं आहेत. मुलगी ट्रोलांच्या रानात वाट चुकते, सूर्य डोंगराआड जातो, कुणाची तरी करडी नजर तिला जाणवते, मग एक आवाज बोलावतो आणि शेवटी डोंगरातली दालनं. आम्हा कोकणातल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिन्हीसांजेला रानात चकवा लागतो आणि माणूस त्याच आंब्याखाली तीनदा येतो. साती आसरांनी डोहात ओढून नेल्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. सैतानपूजेचा ठपका असलेल्या या संगीतात मला सैतान भेटला नाही, आजीच्या गोष्टीतली भीती मात्र भेटली.

लेखकाने 'कर्कश गोंगाट' म्हटलं आहे. त्यांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असावं अशी शंका येते. या संगीतात गिटारच्या एकाच तारेवर खाली-वर इतक्या वेगाने आघात करतात की सुटे स्वर वितळून एक सलग धार होते. संतूरवर द्रुत आघातांनी लांबलेला स्वर भासतो, तीच युक्ती, फक्त इथे विकृत केलेल्या आवाजात. त्या धारेखालचा ड्रम सुरुवातीला अंगावर येतो. मी पखवाज वाजवतो, त्यामुळे पहिल्यांदा मोजायला गेलो. थोड्या वेळाने मोजणं सुटलं आणि ती लय पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखी झाली. मग त्यावर बँडचा गायक गार्म, म्हणजे क्रिस्टोफर रीग, स्वच्छ आवाजात एकावर एक थर देत गातो. किंचाळणं आहेच, पण पहिल्या प्रकरणावर राज्य या गाण्याचं आहे. तिसऱ्यात सगळं वादळ एकदम थांबतं. उरतो पियानो आणि झाडीतून जाणारी पावलं. तिथे माझा हात नकळत आवाज वाढवायला गेला.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. गीतं आजच्या नॉर्वेजियन भाषेत नाहीत, मुद्दाम जुन्या डॅनिश वळणाने लिहिली आहेत. १८१४पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि लिहायची भाषा डॅनिशच होती, तिचा तो गंध. आपल्याकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी गिटार घेऊन बखरीच्या मराठीत गावं, तसं हे. रीग तेव्हा विशीतही पोचला नव्हता.

डोंगराने नेलेल्याला परत आणायचा उपायही त्याच लोककथांत आहे: चर्चच्या घंटा वाजवायच्या. घंटेचा नाद ऐकला की आतल्यांची पकड सुटते म्हणतात. चर्च जाळण्याच्या त्या काळातच कुणीतरी ही कथा गाण्यात आणत होतं, हा विरोधाभास मला लेखातल्या सगळ्या पोलिसी तपशिलांपेक्षा मोठा वाटतो.

पुढच्याच वर्षी याच मंडळींनी ब्लॅक मेटल पूर्ण बाजूला ठेवून नुसत्या ध्वनिक (विजेविना वाजणाऱ्या) वाद्यांचा अल्बम केला, १९९७मध्ये पुन्हा कमालीचा खरखरीत, आणि नंतर ते इलेक्ट्रॉनिक संगीताकडे गेले. ती गंमत वेगळ्या लेखाची.

लेखकमहाशयांना एकच विनंती. अख्खा अल्बम सुमारे ३४ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ नसेल, तर चौथं प्रकरण तरी ऐकावं. त्यात ड्रमचा मारा नाही, किंकाळी नाही, बोलावणारा आवाज तेवढा आहे. जेमतेम चार मिनिटं लागतात. ऐकायची वेळ मात्र दिवे लागणीची ठेवावी.

आपला,
एक वाचक, देवरूख