ख्रिस्ती बापांनो, सगळं आईवर सोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र खरं तर चर्चच्या मासिकात द्यायला पाहिजे होतं, पण आमच्या मंडळीतले पुरुष मासिक वाचतच नाहीत, ते घरी आलं की बायकांच्या हातात जातं. तुमचा पेपर मात्र टपरीवर चहा पित पहिल्या पानापासून राशीभविष्यापर्यंत वाचतात (हो, राशीभविष्य पण), म्हणून तुमच्याकडं पाठवायलोय.

जालना, अंबड, बीड, संभाजीनगर, कुठल्याबी मराठी उपासनेला रविवारी जाऊन बघा. बायकांची बाजू भरलेली, लेकरं तिकडंच, पुरुषांच्या बाजूला चार म्हातारे अन कमिटीचे लोक. बाकीचे बाहेर गाड्यांजवळ गप्पा मारत उभे, उपदेश सुरू झाला की हळूच आत येणार. संडेस्कूलला सोडायचं आईनं, सुवर्णवचन (बायबलमधली ओळ) पाठ करून घ्यायचं आईनं, झोपताना प्रार्थना घ्यायची आजीनं. बाप नाताळला कपडे घेतो अन दहावीची परीक्षा आली की पाळकसाहेबांना म्हणतो, पोरासाठी जरा प्रार्थना करा. बायबलमध्ये प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाची गोष्ट काढताना आजी लोईस अन आई युनीके यांची नावं घेतली, बापाचं नाही. आता तीमथ्याचा बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक होता, समजू शकतो. आमचे बाप तर बाप्तिस्मा झालेले, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करायचा विधी) झालेले, काहीजण कमिटीवर निवडून आलेले, तरी आज कोणी असं पत्र लिहायला बसलं तर आजी-आईचीच नावं येतील.

दुसऱ्या टोकाचे बाप पण आहेत. लेकराला स्तोत्र पाठ झालं नाही की पाहुण्यांसमोर कान पिळायचा, मोबाईल काढून घ्यायचा, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात घरात हसलं तरी ओरडायचं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात अन कलस्सैकरांच्या 3 ऱ्या अध्यायात, दोन्हीकडं बापांनाच सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. मारून मुटकून चर्चला नेलेलं पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की पहिल्या रविवारी दुपारपर्यंत झोपतं, हे आम्ही घरोघरी बघायलोय.

मग बापानं करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की जे रोज करताय ते लेकरासमोर करा अन का करताय ते सांगा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 6 व्या अध्यायात घरी बसल्यावर, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला असं आहे, म्हणजे त्यासाठी वेगळा तास लावलेलाच नाही. किराणावाल्यानं चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले तर ते द्यायला जाताना पोराला संगट न्या. शेतातल्या बाईची मजुरी शनिवारी म्हणजे शनिवारीच द्या अन ती लेकराच्या हातानं द्या. जेवायच्या आधी दोन वाक्यांची प्रार्थना बापानं करावी, लांबलचक नको, भात गार होतो. येशूला वाढवणाऱ्या योसेफाचं बघा, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारी शुभवर्तमानात त्याच्या तोंडचं एक वाक्य सापडत नाही, पण दरवर्षी वल्हांडण या यहुदी सणाला यरुशलेमेला कुटुंबाला घेऊन जात होता अन गावातले लोक येशूला सुताराचा पुत्र म्हणूनच ओळखत होते. आमच्यातले काही बाप मात्र शनिवारी रात्री पिऊन येतात अन रविवारी पांढरा शर्ट घालून उपासनेत बायबलचं दुसरं वाचन वाचतात, ते लेकरू पहिल्या बाकावरून बघत असतं, त्याला सगळं कळतं.

आता खरी अडचण सांगतो, ती प्रश्नांची आहे. आठवी-नववीतलं पोरगं शाळेतून येऊन विचारतं, पोरं मला बाटगा म्हणतात, आपण पैसे घेऊन बाटलो का? इथं बापाची दातखीळ बसते, कारण त्याला स्वतःलाच माहिती नसतं. अहो, आपल्या जालन्याची गोष्ट तरी सांगा. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाला, पुढं त्यानंच जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत पण मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता, पण तो अल्पवयीन म्हणून बाप कोर्टात गेला अन कोर्टानं पोरगं बापाच्या ताब्यात दिलं. मग त्याला परत जातीत घ्यायला बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला तर त्याच्यावरूनही मोठा वाद झाला. म्हणजे लेकराची श्रद्धा कोणाच्या हातात हा प्रश्न आजचा नाही, पावणेदोनशे वर्षं झाली त्याला. कोर्टानं पोराचा ताबा दिला, त्याच्या मनात काय होतं ते कोर्टाला कुठं देता येणार! आपल्या पणजोबानं गावकुसाबाहेरून उठून चर्चची पायरी का चढली असेल, त्याला शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, कोणीतरी शेजारी बसवून घेतलं, हे पोराला न लाजता सांगा. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

दुसरा प्रश्न सणांचा. गल्लीत गणपती बसतो, पोराचे सगळे मित्र मांडवात, अन बाप नुसतं जायचं नाही म्हणतो. कारण विचारलं की आवाज चढतो. पोरगं मग लपून जातं अन खोटं बोलायला शिकतं. आरती-प्रसादाबद्दल काय करायचं ते प्रत्येक घरानं आपल्या विवेकानं ठरवावं, पण मांडवात खुर्च्या लावायला अन सतरंज्या उचलायला गेलं तर कोणाचा धर्म बुडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पाळकसाहेब रागावतील, रागावू द्या. आमच्या नाताळला तीच पोरं चर्चवर चांदणी टांगायला शिडी धरतात.

सगळ्यात अवघड गोष्ट ऊसतोडीच्या घरांची आहे अन तिच्यावर आमच्या मंडळ्यांत कोणी बोलत नाही. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळी झाली की कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी जाते, आई-बाप दोघंही पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर, लेकरं आजीकडं किंवा हॉस्टेलात. नाताळ तिकडं कोपीत म्हणजे झोपडीत होतो. या बापांना चर्चला का येत नाही म्हणून बोलायचा आपल्याला काही अधिकार नाही. पण मी ओळखतो असा एक गडी आहे, रात्री गाडी भरून झाली की फोन लावतो, पोरगं तेविसावं स्तोत्र वाचतं, हा तिकडून ऐकतो, बऱ्याचदा रेंज जाते नाहीतर ऐकता ऐकता त्यालाच झोप लागते, पोरगं चिडतं, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू करतं. गावात राहून गाडीजवळ गप्पा मारणाऱ्यांपेक्षा हा माणूस जास्त बाप आहे.

म्हणून मंडळ्यांच्या कमिट्यांना माझी सूचना अशी की टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, एक संध्याकाळ फक्त बाप अन लेकरांची ठेवा. भाषण नको, पाहुणा नको, हारतुरे नको. प्रत्येक बापानं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून स्वतः प्रार्थना करायची, येईल तशी, अडखळत का होईना. उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या की त्या घरांसाठी नाताळचं जेवण तेव्हा करा, तारीख काही दगडावर कोरलेली नाही. खर्च फार येत नाही, चटया अन भांडी चर्चमध्ये आहेतच, फक्त कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय कोणीतरी काढायला पाहिजे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, जालना