बेळगाव: शहापूरचं घर आणि टिळकवाडी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

टिळकवाडीतल्या घराचा ॲडव्हान्स मी देऊन टाकलाय. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'बघू की' म्हणून विषय संपवला असता, म्हणून लिहितेय. तळमजला आहे, कमोड आहे, दुसरं रेल्वे गेट जवळ असल्यानं रिक्षा दारातच मिळते. स्वयंपाकघरात सकाळचं ऊनसुद्धा येतं, आई.

'शहापूर सोडून मी कुठं जात नाही', हे मला पाठ आहे, बाबा. पण आपण तरी शहापूरचे कधीपासून? मागावर काम मिळतंय म्हणून आजोबा आले. शेजारच्या अक्का कन्नड विणकरांच्या, समोर कोकणी बोलणारे सोनार, कोपऱ्यावर मारवाड्याचं दुकान. आज्जीनं तर उंबरा न ओलांडता सांगली संस्थान बघितलं, 1948 ला मुंबई राज्य, 1956 ला म्हैसूर राज्य आणि 1973 ला कर्नाटक! तुम्ही नुसती गल्ली बदलताय.

आणि टिळकवाडी काय परकी आहे? 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर दाखवायला तुम्हीच मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात. 'गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाला,' असं सांगताना माझा फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवायचात, वाकून बघू द्यायचा नाहीत.

आता मी धरतेय म्हणा. मधल्या खोलीतल्या मागाच्या खड्ड्यावरची फळी हलते, तिथं बाबा रात्री दोनदा अडखळले हे आईनं लपवलं तरी मला कळलंय.

घर विकत नाही. किल्ली आईच्याच कमरेला राहील. सोमवारचा कपिलेश्वरही चुकणार नाही. यंत्रमागाच्या खडखडीशिवाय बाबांना झोप लागणार नाही, ते खरं; पण तिथं रात्री रेल्वे जाते, तीही काही कमी नाही.

आता नीट ऐका. बीपीची गोळी न चुकता घ्यायची. सामान कुणीही उचलायचं नाही, विशेषतः बाबांनी. लोणच्याच्या बरण्या मी येऊन बांधेन. माग मोडीत घालायचा नाही, कुणी कितीही भाव सांगो. गणपती कुठल्या घरी बसवायचा ते तुम्ही ठरवा, मी त्यात बोलणार नाही. दादाला विचारत बसू नका, तो कशालाही हो म्हणतो.

तुमची,
बाबी