वाकड्या कानाचे मेंढरू

महोदय,

नाताळ जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या चर्चमध्ये येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्याची तयारी सुरू होते. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये मात्र गेली पाच-सहा वर्षे मुलांनी घडवलेल्या मूर्तींऐवजी फायबरचा तयार संच मांडला जातो, कारण तो नीटनेटका दिसतो. संडे स्कूलची शिक्षिका म्हणून त्या निर्णयाला मीही संमती दिली होती.

त्याआधीच्या नाताळातली एक गोष्ट मला अजून बोचते. नऊ वर्षांच्या एका मुलाने शाडूचे मेंढरू केले होते. त्याचा एक कान दुसऱ्याच्या दुप्पट होता आणि मान अशी कलली होती की, ते गव्हाणीतल्या बाळाचे रडणे ऐकत आहे असे वाटावे. मुले घरी गेल्यावर मी ओल्या अंगठ्याने तो कान दाबून सारखा केला आणि मानही सरळ केली. दुसऱ्या दिवशी त्याने मेंढरू उलटसुलट पाहिले, "टीचर, हे माझं नाही," एवढेच म्हणून खाली ठेवले आणि पुन्हा मातीला हात लावला नाही.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायातला कुंभार चाकावर बिघडलेल्या मातीचेच दुसरे भांडे घडवतो. मीही तेच केले, अशी मी बरेच दिवस मनाची समजूत घालत होते. पण कुंभाराची माती त्याची होती, ते मेंढरू माझे नव्हते. दर रविवारी आपण आपली पापे एकमुखाने कबूल करतो आणि त्याच उपासनेत मुलाच्या हातून झालेला वाकडा कान आपल्याला खपत नाही, हे मला फार खटकते.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरचे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांची अक्षरओळखच लग्नानंतर झाली होती. आपली ओवी टिळकांच्या तोडीची होईपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले असते, तर ते काव्य अर्धेच राहिले असते.

येत्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मंडळ्यांनी मुलांच्या हाती माती द्यावी आणि त्यातून जे घडेल ते मागच्या कोपऱ्यात नव्हे, तर वेदीजवळ मांडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो मुलगा आता दहावीत आहे. शाडू आणली की मी सर्वांत आधी त्याच्या घरी जाणार आहे.

– संडे स्कूलची एक शिक्षिका, चरई, ठाणे