सिंगल बेल

पाटण,
रविवार सकाळ

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा नवले पुलाकडे उतरताना तुझ्या शेजारी बसलो होतो, तेव्हा काही बोललो नाही. चालकाशी बोलू नये, ही पाटी आयुष्यभर माझ्या डोक्यामागे होती, तिचीच सवय. आणि फोनवर सांगायला गेलो की तू "हो बाबा, आईला द्या" म्हणतेस. म्हणून लिहितोय.

कट मारून गेलेल्या त्या स्कूटरवाल्याची चूक होती, यात वाद नाही. इंडिकेटर नाही, आरशात बघणं नाही. पण मग तू काय केलंस? हॉर्नवरचा हात काढला नाहीस आणि गाडी त्याच्या मागे घातलीस. माझा उजवा पाय खालच्या मॅटवर नसलेला ब्रेक दाबत होता. घरी आल्यावर पोटरी दुखत होती, ती चालण्याने नव्हे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तो सगळा उतार. मागून भरलेले ट्रक येतात, त्यातले काही डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले. त्यांचे ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या तूच मला वाचून दाखवतेस. मी दोनदा मान वळवून मागे बघितलं, तू आरशातसुद्धा नाही. 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते, म्हणजे आमच्या दीड एसटीएवढी. "याला दाखवतेच" एवढं म्हणायलाही एक सेकंद लागतो.

मी काही संत नव्हतो. ही गोष्ट तुझ्या आईलाही अर्धीच ठाऊक आहे.

तू चौथीत असशील. कराड-चिपळूण गाडीवर होतो. कुंभार्ली घाट उतरताना पुढे एक जीप, काही केल्या साईड देईना. मी हॉर्न देतोय, तो आपला रस्त्याच्या मधोमध. शेवटी एका वळणावर, पुढचं दिसत नसताना, मी गाडी बाहेर काढली. घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नियमात आहेच, पण त्याआधी ते आमच्या अंगात असतं. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना चालकाचा घाम निघतो. आणि त्या दिवशी वर येणाऱ्या ट्रकला मी आडवा. त्या भल्या माणसाने ट्रक पार कडेला दाबला. मी ब्रेकवर उभाच राहिलो आणि कसाबसा पुन्हा जीपच्या मागे आलो. मागे एका म्हातारीची कांद्याची पिशवी फुटली. कांदे घरंगळत पुढे आले, एक तर थेट गिअरच्या दांड्यापाशी. बसमध्ये कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सिंगल बेल. स्टॉप नसताना, घाटात. अण्णा आमचे वाहक, माझ्याहून वयाने मोठे. जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. वाटलं, आता माझी काढणार. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि वाकून कांदे गोळा करायला लागले. एकेक, सीटखाली हात घालून. सगळे पिशवीत जाईपर्यंत डबल बेल दिली नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटचा कांदा माझ्यासमोरून उचलताना हळूच म्हणाले, "घरी काय झालंय?"

झालंच होतं. सकाळी तुझ्या काकाशी बांधावरून कडाक्याचं वाजलं होतं, हातभर जमिनीसाठी. जीपवाल्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. जीपमध्ये मी काकाला बसवला होता.

पुढे निवृत्त होईपर्यंत स्टँडवरून गाडी काढण्याआधी एक फेरी मारून चाकं ठोकून बघायचो. बाकीचे हसायचे, की वर्कशॉपने बघितलीत ना. चाकं ठीकच असायची. फेरी मारता मारता मी आठवायचो, आज आपण कुणावर चिडलोय. नाव सापडलं की बहुतेकदा तेवढ्यावर भागायचं. नाही सापडलं तर अजून एक फेरी.

तूही परवा पार्किंगमध्ये फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होतीस. फोन ठेवलास आणि लगेच चावी फिरवलीस. स्कूटरवाला नंतर आला, प्राजक्ता. आता तू चाकं ठोकत फिरू नकोस, सोसायटीवाले वेड्यात काढतील. पण असा फोन झाला की दोन मिनिटं नुसती बस. उशीर झालाच असेल तर निघण्याआधी कळवून टाक. 20 किलोमीटर 60 ऐवजी 80 ने गेलीस तरी हिशेबाने पाचच मिनिटं वाचतात, आणि पुण्यात ती पहिल्याच सिग्नलला परत करावी लागतात.

चूक तुझी असेल तर सरळ हात वर कर. आम्ही खिडकीतून हात दाखवायचो, निम्मी भांडणं तिथेच मिटायची.

एक मात्र बजावून सांगतो. समोरचा गाडी आडवी लावून खाली उतरला, तर तू उतरायचं नाहीस. काचा वर, दारं लॉक, गाडीचा नंबर ध्यानात ठेव, 112 लाव. वाट मिळाली की माणसं असतील तिथे जा, पेट्रोल पंप असो की चौकी. तू बरोबर आहेस हे त्याला पटवत बसू नकोस. तुझं शिक्षण आणि पगार त्याला दिसत नसतो, आणि त्याचा हात कुठवर जाईल ते तुला माहीत नसतं.

रिक्षावाल्यांचं काय करायचं ते विचारू नकोस. ते मलाही शेवटपर्यंत जमलं नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, मी येईन माझा. तुझ्या आईने कांदे बांधून ठेवलेत. पिशवीचं तोंड मी स्वतः सुतळीने शिवलंय.

तुझे,
बाबा